फ्यूजन यंत्राभोवतीचं रेडिएशन मोजताना या चुका टाळा

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधल्या कल्हमचं ‘जेट’ टोकामॅक (तापलेला प्लाझ्मा चुंबकांनी कोंडून ठेवणारं फ्यूजन यंत्र) डिसेंबर 2023 मध्ये शेवटचं चाललं. पण यंत्र बंद झालं म्हणजे रेडिएशनही संपलं, असं धरून चालणं ही सगळ्यात घातक चूक. प्लाझ्मा विझताच न्यूट्रॉन थांबतात, हे खरं. तोवर त्यांनी आसपासचं पोलाद मात्र किरणोत्सारी करून ठेवलेलं असतं. त्यात तयार झालेल्या मँगनीज-56 चं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) सुमारे अडीच तास, कोबाल्ट-58 चं 71 दिवस, कोबाल्ट-60 चं सव्वापाच वर्षं. म्हणून शेवटच्या शॉटनंतर (यंत्र एकदा चालवणं म्हणजे एक शॉट) किती वेळाने मोजलं, हे वहीत नसेल तर ते रीडिंग बिनकामाचं. हिशेब करतानाही वर्षभराची सरासरी घेऊन भागत नाही. शेवटच्या आठवड्यात यंत्र किती आणि कसं चाललं, त्यावर पहिल्या काही दिवसांचा डोस ठरतो.

पोलादाच्या टेस्ट सर्टिफिकेटमध्ये कोबाल्टचा उल्लेख नसेल, तर तो शून्य धरू नका. नमुना तपासून घ्या. स्टेनलेस स्टीलमध्ये तो निकेलसोबत थोडाफार येतोच, आणि वेगवान न्यूट्रॉन तर निकेलपासूनही कोबाल्ट-58 आणि 60 तयार करतात.

मोजमाप आणि गणित जुळत नसेल, तर लगेच न्यूक्लियर डेटाला, म्हणजे अणुकेंद्रांच्या अभिक्रियांच्या छापील आकड्यांना, दोष देऊ नका. आधी यंत्राचं संगणकावरचं मॉडेल उघडून बघा: पोर्ट, केबलच्या वाटा, भिंतीतली भोकं खरोखर दाखवली आहेत का? न्यूट्रॉन तिथूनच निसटतात. काँक्रीटमध्ये पाणी किती धरलंय, तेही पाहा. न्यूट्रॉनचा वेग मोडतो तो त्यातल्या हायड्रोजनमुळे.

ड्युटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचे जड प्रकार. नुसत्या ड्युटेरियमच्या फ्यूजनमधले न्यूट्रॉन 2.45 एमईव्ही (ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे, ड्युटेरियम-ट्रिटियमचे 14.1 चे. साधा रेम-मीटर (न्यूट्रॉनचा डोस मोजणारं उपकरण) 10 एमईव्हीच्या वर कमी दाखवू लागतो, त्यामुळे एकाच कॅलिब्रेशनवर दोन्ही मोजू नका. नुसतं ड्युटेरियम भरलं तरी त्यातून निर्माण झालेलं थोडं ट्रिटियम आतच जळतं आणि 14 चे न्यूट्रॉन निघतात.

किरणोत्सारी ट्रिटियम गायगर काउंटरने शोधणं व्यर्थ. त्याचा बीटा कण जास्तीत जास्त 18.6 केईव्हीचा (एमईव्हीचा हजारावा भाग म्हणजे केईव्ही), नळीच्या खिडकीतून आतच जात नाही. पृष्ठभाग पुसून तो स्वाब लिक्विड सिंटिलेशनने, म्हणजे किरणोत्साराने चमकणाऱ्या द्रवात टाकून, मोजा.

यंत्रात फक्त साधा हायड्रोजन आहे, न्यूट्रॉन निघणार नाहीत, म्हणून डोस मोजणारा बॅज घरी ठेवू नका. गांधीनगरच्या ‘आदित्य’ टोकामॅकसारख्या यंत्रातही सुसाट इलेक्ट्रॉन भिंतीवर आदळले की कडक एक्स-रे निघतात, आणि क्षणभराच्या त्या झोतात साधा काउंटर गुदमरून कमी आकडा दाखवतो. तिथे डोस साठवून ठेवणारा आणि नंतर तापवून वाचता येणारा टीएलडी बॅजच हवा.