जुन्या जीपचा ऑइल प्रेशरचा काटा कसा वाचायचा (इंजिन खोलायच्या आधी हे वाचा)

मागच्या मे महिन्यात दारव्ह्यावरून गावाकडं येत होतो, दुपारचे दोन वाजले असतील, ऊन असं की स्टेअरिंगले हात लावू देईना, अन् बसस्टँडसमोर गर्दीत गाडी थांबवली तं ऑइल प्रेशरचा काटा पार खाली जाऊन बसला. गाडी म्हणजे जुनी कमांडर, माझ्याकडे यायच्या आधी काळीपिवळी म्हणून धावलेली, तिचं खरं रनिंग किती हे देवालाच माहीत. मिस्त्रीकडे नेली, त्यानं काटा पाहिला, डोकं हलवलं, म्हणे भाऊ बेअरिंग गेले, इंजिन बांधा लागते. आकडा ऐकून मी म्हटलं पेरणी होऊ दे मग पाहू. नंतर एका ओळखीच्या पोराकडून साधं मेकॅनिकल गेज (वायरशिवाय, ऑइलच्या नळीनं थेट प्रेशर दाखवणारं मीटर) आणून लावलं तं प्रेशर चांगलं, म्हणजे इंजिन ठीक होतं अन् सेंडर, म्हणजे इंजिनावरचा प्रेशर मोजून काट्याला कळवणारा भाग, खोटं बोलत होता. हजारोंचं काम काहीशे रुपयांत निपटलं. म्हणून हे लिहून राहिलो.

पहिली गोष्ट, ऑइल पंप प्रेशर बनवतच नाही राजेहो, तो फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर बनते ते बेअरिंगमधल्या बारीक फटीतून ऑइल निघताना जो अडथळा येते त्याच्यामुळं. शेतातल्या पाण्याच्या पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी जोरात उडते, अंगठा सैल केला की जोर जाते, तसंच. क्रँकचे (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) बेअरिंग घासले म्हणजे अंगठा सैल झाला. ऑइल पातळ झालं तरी तोच परिणाम. आणि प्रेशर फार वाढू नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह असतो, स्प्रिंगवरचा, ठरलेल्या प्रेशरला उघडतो अन् जास्तीचं ऑइल परत चेंबरमध्ये (इंजिनाखालची ऑइलची टाकी) सोडतो. एवढं डोक्यात बसलं की अर्धी कथा कळली.

आता थंडी-गरमी. आपण डिझेल जीपमध्ये जे 15डब्ल्यू40 नंबरचं ऑइल टाकतो ते 40 डिग्रीला साधारण 100 सेंटिस्टोकच्या (ऑइलचा जाडपणा मोजायचं माप) वर जाड असते, आणि 100 डिग्रीला 14-15 वर येते. सात पट पातळ! म्हणून सकाळी स्टार्ट केल्यावर काटा वर अन् तासभर चालवल्यावर खाली, हा बिघाड नाही, हे असंच व्हायला पाहिजे. डिसेंबरात सकाळी काटा पाहून खूश होणारे लोक मी पाहिलेत, अरे बाबा थंड ऑइलचं प्रेशर कोणत्याही खटाऱ्याचं चांगलंच दिसते. खरी परीक्षा आपल्या मे महिन्यात, बाहेर 45 डिग्री, मागं ट्रॉली लावलेली, अन् मग गाडी उभी करून आयडलिंगवर, म्हणजे रेस न देता नुसती चालू.

युनिटचा गोंधळ पण समजून घ्या. कोणत्या मीटरवर पीएसआय असते, कोणत्यावर बार, अन् मिस्त्री बोलते किलोत, "तीन किलो आहे" म्हणजे चौरस सेंटिमीटरला 3 किलो. 1 बार म्हणजे 14.5 पीएसआय, 1 किलो म्हणजे 14.2, थोडक्यात बार अन् किलो एकच धरा. 3 किलोला कोणी 3 पीएसआय समजून घाबरला की झालं मग.

किती पाहिजे? तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा सापडला तं तोच खरा. नाही सापडला तं जुना ठोकताळा असा की गरम इंजिनावर दर 1000 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) 10 पीएसआय, म्हणजे 2500 वर 25 तरी दिसले पाहिजे. बहुतेक जुन्या इंजिनांत त्याहून बरंच जास्त असते. गरम आयडलिंगवर 10 ते 15 दिसत असलं अन् रेस दिल्याबरोबर काटा सरसर वर चढत असला तं मी तरी निवांत झोपतो. डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या लाल लाईटवर मात्र विसंबू नका, तिचा स्विच साधारण 4 ते 7 पीएसआयला लागते, म्हणजे लाईट विझलेली आहे याचा अर्थ एवढाच की 7 च्या वर काहीतरी आहे. 8 असलं तरी ती विझलेलीच राहील अन् 60 च्या स्पीडवर 8 म्हणजे क्रँकचा कार्यक्रम.

काटा पडला तं करायचं काय, मी ज्या क्रमानं करतो तसं सांगतो.

चालत्या गाडीत अचानक शून्य झाला तं आधी इंजिन बंद, मग विचार. "गाव दोनच किलोमीटर आहे" हा विचार सगळ्यात महाग पडते. सपाट जागी उभी करा, पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून परत टाका अन् लेव्हल पाहा. घाटात, चिखलदऱ्याकडं वगैरे, वळणावर किंवा ब्रेक मारताना काटा फडफडत असला तं बहुतेक लेव्हल कमी आहे, ऑइल एका बाजूला जाते अन् पंप हवा ओढतो. लेव्हल वाढलेली दिसली तं खूश होऊ नका, ऑइल आपोआप वाढत नाही, त्याच्यात डिझेल नाहीतर पाणी मिसळून राहिलं. डिपस्टिकचा थेंब बोटात घासा अन् वास घ्या, डिझेलचा वास लगेच कळते. दुधाळ चहासारखं दिसलं तं पाणी, मग गाडी स्टार्टच करू नका.

लेव्हल ठीक असली तं वायरिंग. चाबी ऑन, इंजिन बंद, लाल लाईट लागली पाहिजे. नाही लागली तं बल्ब किंवा वायर गेली, म्हणजे इतके दिवस तुम्ही भरवशावर चालवत होते. स्विचची वायर काढली की लाईट विझली पाहिजे, तरी जळत असली तं वायर कुठंतरी बॉडीला घासून अर्थ (अर्थिंग) झाली आहे, उंदरांची कृपा. काट्याच्या मीटरला सेंडर वेगळा असते, अन् तो आपल्या आट्यांतूनच इंजिनाला अर्थ घेते, म्हणून त्याला टेफ्लॉन टेपचे दहा वेढे मारले तं अर्थच मिळत नाही अन् रीडिंग भलतीच येते. माझ्या गाडीत आधीच्या मालकानं नेमकं हेच केलं होतं, वरून सेंडर पण गळत होता.

आता मुख्य काम, मेकॅनिकल गेज. सेंडर काढा, त्या जागी बरोबर आट्यांचा नट लावून गेजची नळी जोडा. आटे वेगवेगळे येतात, जबरदस्ती पिळू नका, ब्लॉकचे आटे गेले तं रडायची पाळी येईल. नळी सायलेन्सरला टेकू देऊ नका. मग गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा, उभ्या उभ्या गरम केलेली चालत नाही, पाण्याचा काटा वर आला तरी ऑइल गरम व्हायला वेळ लागते. आल्यावर आयडलिंगला एक आकडा, अन् रेस देऊन साधारण 2500 ला दुसरा.

हे दोन आकडे सोबत वाचायचे. आयडलिंगला कमी पण रेसला भरपूर: थोडीफार झीज, किंवा ऑइल पातळ, घाई नाही. दोन्हीकडं कमी: स्ट्रेनर (पंपाच्या तोंडावरची गाळणी), पंप, रिलीफ व्हॉल्व्ह नाहीतर बेअरिंग. बेअरिंगच असलं तं लोड घेताना खालून जड टकटक ऐकू येते. आणि इथं एक सांगतो, आधी चेंबर उतरवून पाहा, पूर्ण इंजिन नाही. माझ्या चुलतभावाच्या गाडीत स्ट्रेनरच्या जाळीवर पॅकिंगच्या सिलिकॉनचे शेवयांसारखे तुकडे अडकले होते, कोणीतरी चेंबर बसवताना हात सैल सोडून ट्यूब पिळली होती, जास्तीचं आत गेलं. जाळी साफ केली अन् प्रेशर जिथल्या तिथं. रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो उघडाच राहिला तरी असंच होते.

काटा नेहमीपेक्षा वर राहिला तं लोक म्हणतात वा, इंजिन टाइट आहे. तसं नाही भाऊ. गरम इंजिनावर पण काटा टोकाला चिकटून असला तं रिलीफ व्हॉल्व्ह जाम असू शकते, किंवा पुढं कुठं ऑइलचा रस्ता चोंदला असू शकते, अन् तसं असलं तं प्रेशर भरपूर दिसून बेअरिंग मात्र कोरडं राहते.

जुगाडाबद्दल: रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकून काटा वर आणणारे मिस्त्री आहेत, गाडी विकायच्या आधी तं हमखास. त्यानं घासलेलं बेअरिंग भरून निघत नाही, अन् सकाळी थंड ऑइलवर फिल्टरचं रबर फाटायची भीती वेगळी. 20डब्ल्यू50, म्हणजे जास्त जाड ऑइल, टाकणं हा त्यातल्या त्यात सभ्य उपाय आहे, उन्हाळ्यात जुन्या इंजिनाला मी स्वतः टाकतो, पण ते दुखणं दबवणं आहे हे माहीत असून.

माझ्या मीटरच्या काचेवर बायकोच्या नेलपॉलिशचे दोन ठिपके आहेत, एक गरम आयडलिंगचा अन् एक गरम रेसचा, दोन्ही खरं गेज लावून पडताळलेले. सर्व्हिसिंगनंतर पहिल्या लांब फेरीत काटा त्या ठिपक्यांशी जुळतो का तेवढं पाहतो. गाडीत बसलेला प्रत्येक जण विचारते की हे लाल काय सांडलं.