डोमिनो डॅमसेल टाकीत दुसरा मासा टिकूच देत नव्हता: माझा अनुभव

टाकी पाच फुटी, ४५० लिटर, खाऱ्या पाण्याची. डोमिनो आणला तेव्हा नखाएवढा होता, काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके. दीड वर्षात चार इंची झाला आणि टाकीचा मालकच बनला. नवा मासा सोडला की तासाभरात त्याची शेपटी कुरतडलेली. दोन क्लाऊनफिश गेले. हात घातला तर मलाही चावायचा!

स्वतःच्या प्रतिबिंबाशीच भांडत राहावा म्हणून काचेला आरसा लावला, दोन दिवसांत त्याला सवय झाली. दिवे बंद करून मासा सोडला, तर सकाळी तेच. खाणं वाढवलं, तर पाण्यातलं नायट्रेट (खाण्याच्या आणि विष्ठेच्या घाणीतून साठणारा क्षार) तेवढं वाढलं.

शेवटी जमलं ते असं. आधी डोमिनोलाच बाहेर काढलं. जाळीने तो सापडत नाही, कपारीत शिरतो. पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत कोळंबीचा तुकडा. वीस मिनिटांत अडकला. दहा दिवस संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या, फिल्टरच्या छोट्या टाकीत) ठेवला. त्याच दिवशी सगळे दगड हलवून रचना बदलली, त्याची जुनी कपार मोडली. मग फॉक्सफेस आणि फ्लेम हॉकफिश हे दोन नवे मासे सोडले, दोघेही क्वारंटाइन झालेले. फॉक्सफेसचे काटे विषारी, त्यामुळे त्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. ते नीट खाऊ लागल्यावर डोमिनोला भोकांच्या पारदर्शक डब्यात पाच दिवस टांगलं. पहिले दोन दिवस डब्यावर धडका, नंतर शांत. संध्याकाळी दिवे मालवून सोडला.

चार महिने झाले, कुणाची शेपटी फाटलेली नाही. क्लाऊनफिश मात्र परत आणलेले नाहीत.