ईडीएफएचा गेन टिल्ट: आधी इनपुटचा कनेक्टर बघा

ईडीएफए म्हणजे फायबरमधला प्रकाश वाढवणारा एर्बियमचा अ‍ॅम्प्लिफायर; ही वाढ म्हणजे गेन, आणि तो तरंगलांबीनुसार कमीजास्त झाला की टिल्ट. त्याच्या आधी ८० किमीचा स्पॅन, म्हणजे फायबरचा टप्पा. १५३० नॅनोमीटरकडचे चॅनेल वर चढलेले, १५६० कडचे खाली आणि सगळ्यांचाच ओएसएनआर (सिग्नल आणि नॉइज यांचे प्रमाण) घसरलेला. अशा वेळी हात आधी टिल्टच्या सेटिंगकडे जातो, तो आवरा. आलेख सपाट दिसेल, पण गेलेला ओएसएनआर परत येणार नाही.

किमीला ०.२ डेसिबल धरले तर फायबरचे नुकसान १६, स्प्लाइस-कनेक्टर मिळून १८ च्या आसपास यायला हवे. मोजले तर २२. अ‍ॅम्प्लिफायर कॉन्स्टंट पॉवर मोडमध्ये (आउटपुट पॉवर कायम ठेवणाऱ्या) असल्याने त्याने गेन तेवढाच वाढवला. आतला व्हीओए (प्रकाश हवा तेवढा कमी करणारा भाग) पूर्ण उघडला की एर्बियमचे इन्व्हर्जन (उत्तेजित आयनांचे प्रमाण) वाढते आणि लहान तरंगलांबींना जास्त गेन मिळतो. टिल्ट येतो तो इथून. शिवाय इनपुटआधीचा प्रत्येक डेसिबल ओएसएनआरमधून जवळपास जसाच्या तसा वजा होतो.

ओटीडीआर (परत येणाऱ्या प्रकाशावरून फायबरमधला दोष शोधणारे यंत्र) लाँच फायबर, म्हणजे मधला जादा तुकडा, जोडूनच लावा, नाहीतर पहिला कनेक्टर डेड झोनमध्ये, म्हणजे यंत्राला सुरुवातीला न दिसणाऱ्या भागात, लपतो. लाइन फायबर निर्दोष होती, दोष पॅचपॅनेलवर होता: एपीसी (तिरक्या टोकाच्या) अ‍ॅडॉप्टरमध्ये निळा यूपीसी (सपाट टोकाचा) पॅचकॉर्ड. ८ अंशांच्या तिरक्या टोकाला सपाट टोक टेकले की मध्ये हवेची फट राहते.

पॅचकॉर्ड हिरवा एपीसी घेतला. आधी लेझर बंद; २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅट, त्यात धूळ फेरूलवर (कनेक्टरच्या टोकावर) जळून चिकटते. दोन्ही टोके मायक्रोस्कोपखाली बघायची, कोरड्या क्लीनरने पुसायची, पुन्हा बघायची, मगच जोडायची. नुकसान १८.२ वर आले, टिल्टचे सेटिंग शून्यावरच ठेवले.