दुधाची बाटली इंग्रजीत नेताना: या चुका टाळा

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीनं सकाळच्या कामांवर परिच्छेद लिहिला होता. त्यात एक वाक्य होतं, 'आय वॉश्ड थ्री बॉटल्स ऑफ मिल्क.' तिनं धुतल्या होत्या रिकाम्या बाटल्या. वाचणाऱ्याला मात्र दुधानं भरलेल्या बाटल्या दिसल्या. व्याकरण बिनचूक, स्पेलिंग बिनचूक, अर्थ भलताच.

ही चूक तिची एकटीची नाही. मराठीत 'दुधाची बाटली' म्हणजे दुधासाठीची बाटली आणि दूध असलेलीही. कुठली ते आपण संदर्भावरून ओळखतो. आपलं चा-ची-चे दोन नामं जोडतं, पण त्यांचं नातं काय ते सांगत नाही. इंग्रजीत ते ठरवावंच लागतं. 'मिल्क बॉटल' म्हणजे नुसती बाटली, 'बॉटल ऑफ मिल्क' म्हणजे आतल्या दुधासकट. शंका आली तर मराठी वाक्यात 'रिकामी' घालून बघा. तरी वाक्य खरं राहिलं, तर 'मिल्क बॉटल' लिहा. 'मॅचबॉक्स' आणि 'बॉक्स ऑफ मॅचेस' ही जोडीही अशीच.

क्रम चुकला तर वस्तूच बदलते. 'रेस हॉर्स' हा घोडा, 'हॉर्स रेस' ही शर्यत. शाळेतला तत्पुरुष समास आठवा: उत्तरपद प्रधान, म्हणजे दुसरा शब्द मुख्य. इथंही तेच.

चा-ची-चेमुळे होणारी दुसरी चूक अनेकवचनाची. 'पाच वर्षांची योजना' डोक्यात असते, म्हणून हातून 'फाइव्ह इयर्स प्लॅन' लिहिलं जातं. नामाच्या आधी विशेषणासारखा आलेला शब्द सहसा एकवचनीच राहतो: 'फाइव्ह-इयर प्लॅन', मध्ये छोटी जोडरेघ. बूट कितीही असले तरी 'शू शॉप'. 'स्पोर्ट्स शूज', 'सेव्हिंग्ज अकाउंट', 'क्लोद्स शॉप' हे अपवाद मात्र पाठच करावे लागतात.

'सोन्याचं' म्हटलं की 'गोल्डन' लिहायचा मोह होतो. सोन्याचं घड्याळ 'गोल्ड वॉच', सुवर्णपदक 'गोल्ड मेडल'. 'गोल्डन' बहुतेक वेळा रंगासाठी किंवा लाक्षणिक अर्थानं येतं: 'गोल्डन हेअर', 'गोल्डन ऑपॉर्च्युनिटी'. तसंच 'सिल्क शर्ट' रेशमाचा, तर 'सिल्की हेअर' रेशमासारखे केस. पण लाकडी टेबल 'वुडन टेबल'च. त्यामुळे एक नियम सगळ्यांना लावू नका, शब्द एकेक करून शिका.

आपला 'ऐतिहासिक' शब्दही असाच दोन कामं करतो. ऐतिहासिक निर्णय 'हिस्टॉरिक', कारण तो इतिहासात महत्त्वाचा ठरला. ऐतिहासिक कादंबरी 'हिस्टॉरिकल', कारण तिचा विषय इतिहास. 'इकॉनॉमिक पॉलिसी' अर्थव्यवस्थेबद्दलची, 'इकॉनॉमिकल कार' कमी खर्चात चालणारी.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती विशेषणाच्या जागेची, कारण ही चूक औपचारिक पत्रांत होते. 'संबंधित अधिकारी' म्हणून आपण 'द कन्सर्न्ड ऑफिसर' लिहितो. भारतीय इंग्रजीत हे इतकं रुळलंय की इथं कुणी अडखळत नाही. पण ब्रिटिश किंवा अमेरिकन वाचकाला त्यात चिंतेत पडलेला अधिकारी दिसू शकतो. त्यांच्यासाठी 'द ऑफिसर कन्सर्न्ड' लिहा. 'रिस्पॉन्सिबल पर्सन' म्हणजे जबाबदारीनं वागणारी व्यक्ती. 'द पर्सन रिस्पॉन्सिबल' म्हणजे ते काम जिच्याकडे आहे किंवा जिच्या हातून ते घडलं ती. बैठकीच्या इतिवृत्तात तर फार जपून लिहा: 'द प्रेझेंट मेंबर्स' म्हणजे सध्याचे सभासद, मग ते बैठकीला आलेले असोत वा नसोत. 'द मेंबर्स प्रेझेंट' म्हणजे हजर असलेले. मतं मोजताना या दोन आकड्यांत फरक पडतो.

जोडरेघेनंही अर्थ फिरतो. 'ट्वेंटी-ऑड पीपल' म्हणजे वीसेक माणसं. रेघ गाळली तर ती वीस विचित्र माणसं होतात.

आणि कधी दोन्ही अर्थ एकाच लिखाणात राहतात, फरक फक्त उच्चारात कळतो. 'इंग्लिश टीचर' म्हणताना जोर 'इंग्लिश'वर दिला तर इंग्रजी शिकवणारा. 'टीचर'वर दिला तर इंग्लंडचा शिक्षक, मग तो गणित का शिकवेना. कागदावर जोर दाखवता येत नाही. तिथं सरळ 'टीचर ऑफ इंग्लिश' किंवा 'टीचर फ्रॉम इंग्लंड' लिहून मोकळं व्हावं.