६५ वॉटचा चार्जर तीन पोर्टांत कसा वाटला जातो आणि कुठे काय लावायचं

ऐरोली-घणसोलीकडच्या भाड्याच्या फ्लॅटमधे टेबलापाशी सॉकेट बहुतेक वेळा एकच असतं, त्यामुळे लॅपटॉप, फोन, बड्स सगळं एकाच गॅन (गॅलियम नायट्राइडवाल्या, आकाराने लहान) चार्जरवर येतं आणि मग "अरे ६५ वॉटचा घेतला तरी मीटिंग चालू असताना लॅपटॉपची बॅटरी उतरते कशी" असं ऑफिसमधे कोणी ना कोणी विचारतंच. चार्जर खराब नसतो हो. तो ६५ आकडा सगळ्या पोर्टांचा मिळून आहे, प्रत्येकाला ६५ नाही.

तर आधी चार्जर उलटा करा. काळ्या प्लास्टिकवर करड्या रंगात इतकं बारीक छापलेलं असतं की डोळ्यांनी दिसत नाही, मोबाईलने फोटो काढून झूम करा. वर एकेकट्या पोर्टचे आकडे असतात, म्हणजे सी१ (पहिला टाइप-सी पोर्ट) समोर २० व्होल्ट ३.२५ अँपिअर, गुणाकार केला की ६५ वॉट. आपल्या कामाच्या ओळी त्याच्या खाली, जिथे अधिकचं चिन्ह असतं त्या. बऱ्याच ६५ वॉटवाल्यांत सी१ आणि सी२ दोन्ही लावले की ४५ आणि २०, आणि तिन्ही पोर्ट लावले की सी१ ला ४५ आणि उरलेल्या दोघांत मिळून १५. तुमच्या चार्जरवर आकडे वेगळे असू शकतात, म्हणून तर स्वतः वाचायचं.

आता हे १५ नीट समजून घ्या, खरी मेख इथेच आहे. अशा चार्जरमधे सी२ आणि ए पोर्ट (जुना, रुंद यूएसबीवाला) एकाच सर्किटवर असतात. सी२ वर फोन एकटा असला की ९ व्होल्टवर मस्त फास्ट चार्ज होत असतो, तुम्ही शेजारी ए मधे बड्सची केबल खुपसलीत की दोन्ही पोर्ट ५ व्होल्टवर येतात आणि फोनचं फास्ट चार्जिंग गेलं, कोणामुळे तर त्या एवढ्याशा बड्समुळे! म्हणून बड्स, घड्याळ असल्या चिल्लर गोष्टी लॅपटॉपच्याच यूएसबी पोर्टला लावा, त्यांना लागतंच किती.

रिकाम्या केबलचंही बघा. दोन्हीकडे सी असलेली केबल नुसती लटकत ठेवली तर चार्जर तिला मोजत नाही. पण ट्रिमरसाठी वगैरे जी एका टोकाला सी आणि दुसऱ्या टोकाला मायक्रो यूएसबी असलेली केबल असते ना, तिच्या सी पिनमधेच एक रेझिस्टर असतो, त्यामुळे चार्जरला वाटतं काहीतरी जोडलंय आणि तो त्या पोर्टचा वाटा बाजूला काढू शकतो. ती केबल काम झालं की काढून ठेवायची.

फोन १०० टक्के झाला की त्याचा वाटा लॅपटॉपला आपोआप परत मिळेल असंही धरून चालू नका. काही चार्जर देतात, पण साधे चार्जर पिन काढेपर्यंत ते २० वॉट अडवून बसतात. फोन झाला की काढा.

आणखी एक, पावसाळ्यात महावितरणची लाईट जाते म्हणून बरेच जण वायफाय राउटर यूएसबीच्या केबलने पॉवर बँकेवर चालवतात, पण त्याच केबलने तो राउटर या चार्जरवर अजिबात लावू नका. पोर्टमधे काही नवीन लावलं किंवा काढलं की बरेच चार्जर क्षणभर सगळे पोर्ट बंद करून वाटणी नव्याने ठरवतात. लॅपटॉप-फोनला बॅटरी असते, त्यांना कळतही नाही, राउटर मात्र रीस्टार्ट होतो आणि कॉल तुटतो. एक्स्टर्नल हार्ड डिस्कचंही तेच, तिथे तर कॉपी होत असलेली फाईल जाऊ शकते.

केबल: साधी केबल ३ अँपिअरची, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॉट. त्यापुढे ५ अँपिअरची, आत चिप असलेलीच पाहिजे.

नवीन घेणार असाल तर लॅपटॉपच्या मूळ अडॅप्टरवरचे वॉट बघा, मग चार्जरवरची दोन पोर्टांची ओळ बघा, पहिला आकडा तेवढा हवा. लॅपटॉपला खरंच ६५ लागत असतील आणि सोबत फोनही लावायचा असेल तर १०० वॉटचा घ्या, त्यात साधारण ६५ आणि ३० अशी वाटणी मिळते. सॅमसंगचा फोन असेल तर पीपीएस (व्होल्टेज बारीक टप्प्यांनी बदलायची सोय) लिहिलंय का तेही बघा, नाहीतर त्याचं सुपर फास्ट चार्जिंग चालूच होणार नाही. आणि स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरून घेताय तर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, बीआयएस केअर अ‍ॅपमधे तिथेच टाकून बघा, नंबर सापडला नाही तर दुकानदार कितीही भाव कमी करू दे, घेऊ नका.