'पडून लागले' एवढ्यावर थांबू नका: हिंसा रोखण्याच्या कामात संशोधक आणि रुग्णालय यांच्या या चुका टाळा

रात्री दोन वाजता डोकं फुटलेला माणूस कॅज्युअल्टीत येतो, टाके घालून घरी जातो. केसपेपरवर उरतं ते 'पडून लागले'. मारहाण कुठे आणि कशी होते हे शोधणाऱ्या संशोधकाला नेमकी इथलीच माहिती हवी असते. त्यासाठी तो रुग्णालयाशी हातमिळवणी करतो, आणि बऱ्याचदा सुरुवातीलाच बिनसतं.

जखमींच्या नोंदीचा फॉर्म लांबलचक करणं. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. संशोधकाला शिक्षण, उत्पन्न, व्यसन, सगळंच हवं असतं. ड्यूटीवरच्या सिस्टरसमोर मात्र चार पेशंट ताटकळत असतात. वेल्समधल्या कार्डिफचं उदाहरण मला म्हणूनच मोलाचं वाटतं. तोंड-जबड्याचे सर्जन जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आलं, की मारहाणीत जखमी होऊन येणाऱ्या अनेकांची पोलिसांकडे नोंदच नसते. मग तिथे मोजकंच विचारायचं ठरलं: कुठे, केव्हा, कशाने मारलं? 'कुठे' म्हणजे नुसता रस्ता नाही, बारचं नावसुद्धा. विचारायचं काम डॉक्टरांवर न टाकता नोंदणीच्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांकडे दिलं. नावं वगळून ही माहिती पोलिसांना आणि स्थानिक प्रशासनाला जाऊ लागली, त्यानुसार गस्तीच्या जागा बदलल्या.

तुमच्याकडे फॉर्म कोरे येत असतील, तर आणखी एक प्रशिक्षण ठेवण्याआधी प्रश्न कमी करून बघा.

माहिती घेऊन गायब होणं. फॉर्म भरणाऱ्याला त्याचं पुढे काय झालं हे कळलं नाही, तर तिसऱ्या महिन्यात नोंदी ढिल्या पडतात. दर महिन्याला एक पान वॉर्डात लावा: या महिन्यात इतक्या नोंदी झाल्या, त्यावरून अमुक ठिकाणी हे केलं.

चुकीच्या आकड्यावर यश मोजणं. कार्डिफचा अभ्यास २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण तिथे दर लाख लोकसंख्येमागे महिन्याला ७ वरून ५ वर आलं. तुलनेला घेतलेल्या १४ शहरांत ते ५ वरून ८ वर गेलं होतं. याच काळात कार्डिफ पोलिसांकडच्या किरकोळ मारहाणीच्या नोंदी मात्र वाढल्या; आधी नोंदच न होणारी मारहाण नोंदीत येऊ लागली की असं होऊ शकतं. नुसत्या त्याच पाहिल्या असत्या, तर चांगला उपक्रम फसला असं वाटलं असतं. कोणता आकडा कमी व्हायला हवा आणि कोणता आधी वाढेल, हे पोलिसांसोबत बसून पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा.

घरातल्या मारहाणीला हीच पद्धत लावणं. इथे घाई अजिबात नको. भाजलेली बाई 'स्टोव्ह भडकला' म्हणते, कारण नवरा किंवा सासू शेजारीच उभी असते. मुंबईत 'सेहत' ही संशोधन संस्था आणि महापालिका यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं. तिथे बाईशी एकांतात बोलणं आणि तिला आधार देणं हेच मुख्य काम, आणि त्यासाठी रुग्णालयातलेच कर्मचारी तयार केले गेले. बाईला 'मी दवाखान्यात जाऊन येते' एवढं घरी सांगून तिथे पोचता येतं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मदतीची सोय नसताना नुसती प्रश्नावली घेऊन तिच्यासमोर बसू नका.

नाव काढलं म्हणजे ओळख लपली, असंही समजू नका. तालुक्याच्या गावी वय, वाडी आणि तारीख एवढ्यावरून अख्ख्या गावाला बाई कोण ते कळतं. अशा ठिकाणी यादी देऊच नका, तीन-तीन महिन्यांची बेरीज द्या.

एकाच साहेबांवर भिस्त ठेवणं. उत्साही अधिकाऱ्याची बदली झाली की बैठका बंद पडतात. करार पदाच्या नावे करा, नोंदीचं काम कर्मचाऱ्याच्या लेखी कामात घाला आणि पैशाची तरतूद रुग्णालयाच्याच अंदाजपत्रकात मागा. 'दिलासा' पुढे महापालिकेनेच चालवायला घेतलं. तुमचं काम कोण चालवायला घेणार, ते अनुदान संपायच्या वर्षभर आधी विचारा.