जुन्या डीबीएफ फाइली बदलताना या चुका टाळा

पतसंस्था, ग्रंथालयं, घाऊक व्यापारी अशा कितीतरी जणांच्या जुन्या नोंदी अजून फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामच्या डीबीएफ फाइलींमध्ये पडून आहेत. त्या मायएसक्यूएल किंवा एसक्यूलाइट अशा आजच्या डेटाबेसमध्ये नेल्या की कन्व्हर्टर ‘यशस्वी’ म्हणतो आणि सगळे निर्धास्त होतात. फाईल लिहून झाली, एवढंच त्यातून कळतं. आतलं सगळं शाबूत आहे का, ते आपणच तपासायचं.

नुसती डीबीएफ फाईल उचलू नका, अख्खा फोल्डर घ्या. मेमो फील्डमधला, म्हणजे लांब शेऱ्यांच्या रकान्यातला मजकूर शेजारच्या एफपीटी फाइलीत असतो (डीबेस या तशाच प्रोग्राममध्ये डीबीटी). ती मागे राहिली तर शेऱ्याचा रकाना रिकामा येतो, किंवा फाईल उघडतच नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते. फॉक्सप्रोमध्ये डिलीट केलेली नोंद लगेच पुसली जात नाही, तिच्या सुरुवातीला फक्त तारांकन लागतं. ‘पॅक’ कमांड देईपर्यंत ती फाइलीतच राहते. काही कन्व्हर्टर हे तारांकन बघतच नाहीत, आणि काढून टाकलेली खाती नव्या यादीत पुन्हा हजर होतात. नोंदी जुळवताना एकूण नोंदींचा आकडा देणाऱ्या ‘रेककाउंट’वर विसंबू नका, त्यात डिलीट केलेल्याही मोजल्या जातात. ‘सेट डिलीटेड ऑन’ करून (म्हणजे डिलीट केलेल्या नोंदी वगळून) ‘काउंट’ घ्या. शिल्लक रकमेची बेरीजही दोन्हीकडे करून बघा.

मधे एक्सेल आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाईल) सरळ उघडली की 00457 चा 457 होतो. एक्सेल 15च आकडे नेमके धरतं, त्यामुळे 16 आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो. डीबीएफमध्ये 20040503 अशी बिनचूक ठेवलेली तारीख सीएसव्हीत 03/05 अशी आली की 3 मेची 5 मार्च होऊ शकते. एक्सेल टाळता येतच नसेल, तर डेटा इम्पोर्ट करताना असे रकाने ‘टेक्स्ट’ ठरवा.

आता मराठी मजकूर. इथे घाई करू नका. सीडॅकच्या जिस्ट कार्डावर (संगणकात बसवायचं भारतीय लिप्यांचं कार्ड) भरलेला डेटा इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या प्रमाण संकेतांत असतो. त्यातला अक्षरांचा क्रम युनिकोड या आजच्या सर्वमान्य संकेतांसारखाच असल्यानं तो तुलनेनं सुखरूप येतो. शिवाजी, श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टांत भरलेला मजकूर मात्र इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर, दिसतो तसा साठवलेला असतो. ‘शिर्के’ हे आडनाव घ्या: तिथे वेलांटी आधी, मग श, मग क, आणि रफार सगळ्यात शेवटी. युनिकोडमध्ये श, मग वेलांटी, मग र् आणि त्यानंतर के. एन्कोडिंग नुसतं यूटीएफ-8 (युनिकोड साठवायची पद्धत) केल्यानं हा क्रम बदलत नाही, इंग्रजी अक्षरांचा कचराच नव्या फाइलीत येतो. आधी मूळ फॉन्ट कोणता ते शोधा. जुन्या संगणकाचा फॉन्ट फोल्डर बघितला की बहुतेक वेळा कळतं. मग त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर वापरा, कारण एका फॉन्टचा संकेत-अक्षरांचा तक्ता दुसऱ्याला चालत नाही. तपासायला शिर्के, बिर्जे, कीर्ती अशी वेलांटी-रफाराची नावं निवडा. ‘पाटील’ बरोबर आलं म्हणून पुढे जाऊ नका.

कचरा दिसला तर मूळ माहिती बहुधा शाबूत असते. पण नावांच्या जागी ???? दिसली, तर त्या टेबलातली अक्षरं बहुधा कायमची गेली. रकाना लॅटिन-1 (फक्त युरोपीय अक्षरांचा संच) राहिला की मायएसक्यूएलमध्ये हे होऊ शकतं. असं दिसताच थांबा, टेबलाचा कॅरॅक्टर सेट (अक्षरसंच) यूटीएफ8एमबी4, म्हणजे मायएसक्यूएलमधला पूर्ण यूटीएफ-8 करा, डेटाबेसशी होणाऱ्या जोडणीचाही तोच ठेवा, आणि मूळ फोल्डरवरून सगळं पुन्हा भरा.